ओस्बर्टदादाची बोळवण

राजाचं आणि त्याच्या मेहुण्याचं वाजलं, त्या वर्षी आमच्या विलोफर्ड गावातही एक मेहुणा अडचणीत आला. तो माझा थोरला भाऊ, ओस्बर्ट. राजाचा मेहुणा मोठा सरदार. त्यानं बंड केलं तेव्हा दादा धनुष्य घेऊन त्याच्याकडून लढायला गेला. पहिल्याच लढाईत त्यांची फळी मोडली आणि दादा पळत येऊन थेट गावच्या चर्चमध्ये शिरला.

चर्चमध्ये शिरलेल्याला कुणी हात लावत नाही, पण तिथं कायमचं राहताही येत नाही. बाहेर पडावं तर फास. नाहीतर राजाच्या अधिकाऱ्यापुढे बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची, की या राजाचं राज्य सोडून जाईन आणि त्याच्या परवानगीवाचून त्यात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

दादानं शपथ घेतली. त्याला गोणपाटाचा अंगरखा घातला, हातात लाकडी क्रूस दिला आणि सेल्मथचं बंदर नेमून दिलं. अनवाणी, बोडक्या डोक्यानं, हमरस्त्यानंच जायचं. रस्ता सोडला की कुणीही मुंडकं उडवावं.

त्याला शिवेपर्यंत पोचवायचं काम गावच्या कोतवालाचं. कोतवाल म्हणजे माझा नवरा, हॅमो. मी भाकरी बांधून दोघांच्या मागं निघाले.

"अहो, ओढ्यापाशी जरा पाठ फिरवा," मी हॅमोच्या कानाशी म्हटलं. "दादा झाडीत शिरेल."

"आणि मुंडकं उडालं म्हणजे जन्मभर मला बोल लावशील."

"तुम्हाला कायद्याची काळजी, माझ्या भावाची नाही."

"गुने, दाजींना छळू नकोस," दादा पुढून म्हणाला. "शपथ मी घेतलीय, त्यांनी नाही."

दोघं एकाच मुशीतले. मी मधल्या मध्ये रडत होते. दादा एकदा समुद्रापार गेला की मेल्याची बातमीसुद्धा आली नसती.

शिवेवर पुढच्या गावच्या कोतवालानं कैदी ताब्यात घ्यायचा असतो. त्याच्या दारात त्याची बायको लोणी काढत बसली होती.

"आमचे राजाकडून लढायला गेलेत," ती म्हणाली. "तुमचा कैदी तुम्हीच न्या."

त्याच्या पुढच्या गावचा कोतवाल राजाच्या मेहुण्याकडून लढायला गेला होता. असं करत हॅमोला समुद्रापर्यंत चालावं लागलं.

"माझे जोडे झिजले," तो कुरकुरला.

"माझे बघा दाजी, जराही झिजत नाहीत!" दादा अनवाणी पाय उचलून म्हणाला.

हॅमो हसला नाही. पण त्यानंतर तो पुढं चालू लागला आणि रस्त्यातले धारदार दगड काठीनं बाजूला सारू लागला. मी पाहिलं.

सेल्मथच्या बुरुजावर मेहुण्याचं निशाण फडकत होतं. बंदरात पलीकडे जाणारं जहाज नव्हतं. जहाज मिळेपर्यंत रोज गुडघाभर समुद्रात शिरून ओरडायचं, अशी रीत आहे. दादा थंडगार पाण्यात उतरला.

"देवाच्या आणि राजाच्या नावानं, मला पलीकडे न्या हो!"

जाळी विणणारे खलाशी खो खो हसले.

"त्या राजाच्या नावानं इथून डोणीसुद्धा सुटत नाही! बाहेर ये लेका, तू तर आपलाच माणूस."

"मी शपथ घेतलीय," दादा म्हणाला आणि पुन्हा ओरडला.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पाण्यात उभा राहिला. एक परदेशी दारूवाला पिंपं उतरवायला आला होता. जाताना नेतो म्हणाला. भरती आली की निघणार होता. दादानं मान डोलावली.

मी हॅमोची बाही धरली. "अहो, आता तरी काही बोला!"

हॅमोनं आधी बुरुजावरच्या निशाणाकडे पाहिलं. मग जोड्यांसकट पाण्यात शिरला.

"मेव्हणे, शपथेचे शब्द सांगा बघू."

"या राजाचं राज्य सोडून जाईन."

हॅमो खलाशांकडे वळला. "इथं जकात कोण घेतं?"

"मेहुणा!"

"चोराला शिक्षा कोण देतं?"

"आमचेच पंच."

"राजाचा अधिकारी कुठाय?"

"पळाला! टोपी विसरून गेला."

"मग मेव्हणे, हे त्या राजाचं राज्यच नाही. काल वेशीतून आत आलात तेव्हाच तुम्ही ते सोडलंत. कोतवाल म्हणून सांगतोय."

दादानं दारूवाल्याच्या जहाजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मी परदेशात उभा आहे?"

"हो."

"इथली भाषा मात्र चांगली कळते."

तो बाहेर आला. मी त्याचे निळे पडलेले पाय माझ्या शालीनं चोळले आणि तोंडानं शिव्या देत राहिले. खलाशांनी त्याला भाजलेला मासा दिला आणि जाळ्याच्या कामावर बसवलं.

निघताना तो आम्हाला पोचवायला वेशीपर्यंत आला. आम्ही बाहेर, तो आत. मी कमानीखालून हात घालून त्याच्या गळ्यात पडले. हॅमोनं खाली दादाच्या पायांकडे पाहिलं.

"अंगठा मागं घ्या, मेव्हणे," तो म्हणाला. "बाहेर आलाय."