सुईआधीचे छत्तीस

मित्रांनो, आधी माझ्या झाकणावरचा तो चहाचा पेला उचला, मग सांगते. मी अल्माटीतल्या जनावरांच्या दवाखान्यातले रक्त फिरवणारे जुने यंत्र आहे. केसाएवढ्या नळीत मांजराचे रक्त भरून मला गरगर फिरवतात. तांबडे तळाशी बसते आणि शंभरात ते किती भाग, हे कळते. तिसाच्या खाली भरले, तर त्या मांजराने दुसऱ्या मांजराला रक्त द्यायचे नाही.

मी नवे होते तेव्हा सेरझान डॉक्टर मला रोज पुसायचे. आता माझ्यावर बाउरसाकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, बशी असते. वाळलेल्या रक्तावर तेलाचे ओघळ, शी! पण त्याहून किळस येते ती त्यांच्या आळसाची. मांजर बोचकारेल म्हणून ते आधी भुलीची सुई देतात आणि मग तपासणीचे रक्त काढतात. भुलीत पाणथरी, म्हणजे प्लीहा, सैल पडते, तांबड्या पेशी तिच्यात जाऊन बसतात. रक्त अंगातच असते, नळीत तेवढे कमी दिसते. अकरा वर्षांत त्रेचाळीस धडधाकट मांजरे अशी परत गेली. रक्ताची वाट पाहत सात मेली. मी मोजली आहेत.

परवा मोन्शाक नावाची मांजरी आली. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. तिच्या शेजारच्या ओरिन्शा आपा, जन्मभर ट्रामवर कंडक्टर असलेल्या, आपला सहा किलोचा बोका तार्लान घेऊन आल्या. रक्तगट जुळला. सुई झाली, मग नळी.

“एकोणतीस. आपा, याच्यात रक्तच नाही. घरी न्या,” डॉक्टर म्हणाले.

“रक्त नाही? काल कुत्र्याला भिंतीवर चढवलं यानं!”

नर्स माक्पालला सगळे ठाऊक होते. पण वडीलधाऱ्याची चूक तोंडावर सांगणे आमच्याकडे बसत नाही. तिने सुईआधीच गुपचूप एक नळी भरून ठेवली होती. ती माझ्यात फिरवली आणि दोन्ही नळ्या, वेळ आणि आकडा लिहिलेल्या चिठ्ठ्यांसकट, चक्क चहाच्या तबकात ठेवल्या. “अगाय, चहा,” असे डॉक्टरांना आदराने म्हणत तिने तबक मात्र आपांपुढे सरकवले.

आपांनी चष्मा लावला. “सुईआधी छत्तीस, सुईनंतर एकोणतीस. वीस मिनिटांत माझ्या बोक्याचं रक्त कोण प्यायलं रे? तू?”

डॉक्टर लालबुंद. “यंत्र जुनं झालंय, आपा.”

“यंत्र जुनं आणि तू कोवळा होय? ती मांजरी मरायला टेकलीय. घे रक्त!”

घेतले. संध्याकाळी मोन्शाकच्या हिरड्या गुलाबी झाल्या आणि ती माशासाठी ओरडू लागली.

आता भिंतीवर पाटी आहे: ‘आधी नळी, मग सुई.’ खाली डॉक्टरांची सही, जणू त्यांनाच सुचले. माझ्यावरचा ठपका कोणी पुसला नाही, तेलही नाही.

मित्रांनो, मला पुसाल तेव्हा पुसा. पण आकड्याशेजारी सुईची वेळ जरूर लिहा. त्या सात मांजरांना रक्त मिळाले नाही, असे सगळे म्हणतात. मिळाले होते. दुसऱ्या मांजरांच्या अंगात, बाहेरच्या बाकावर बसले होते. आपण त्याला घरी पाठवले.