काड्यांवर टांगलेली मांडणी

लेकीचा फोन आला तेव्हा मिस्त्री दाढी करत होता. एक गाल झालेला, दुसऱ्याला साबण. फोन चांगल्या गालाला लावला.

"बाबा, मांडणी काय झकास दिसतेय हो! सगळी पुस्तकं लावली. आणि खाली छकुलीचा पलंग सरकवलाय. असा मापात बसलाय, जणू तुम्ही मोजूनच केलीत."

रेझर हातातल्या हातात राहिला.

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली, बाबा. मांडणीच्या खाली."

मिस्त्रीचा रेझर का थांबला हे समजायचं तर आदल्या दिवशीचं ऐकावं लागेल.

लेकीने नवं घर घेतलं. तिसरा मजला, चकचकीत सगळं, पण आतल्या भिंती विटांच्या नाहीत, जिप्सम बोर्डाच्या. पत्र्याच्या पट्ट्या उभ्या करायच्या, दोन्ही अंगांनी अर्ध्या इंचाचा बोर्ड मारायचा, झाली भिंत. मध्ये हवा. मिस्त्रीने जुन्या दाराच्या लाकडाची मांडणी करून आणली होती, दोन माणसांनी उचलावी अशी. ती टांगायला निघाला तर विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, बांधणाऱ्या कंपनीचा माणूस बोलवू या का? या भिंती वेगळ्या असतात म्हणे."

झालं. मिस्त्रीला लागलं ते.

"विहीणबाई, चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्यात मी. घरात मिस्त्री असताना भिंतीला भोक पाडायला बाहेरचा माणूस?"

आणि लावलं ड्रिल. आता विटेतून लाल भुकटी येते, दगड किंचाळतो. इथे आलं पांढरं पीठ, आणि ड्रिल भसकन मुठीपर्यंत आत. तिथेच थांबायला हवं होतं की नाही? पण मागे विहीणबाई चहाचा कप घेऊन उभ्या, लेक फोटो काढतेय. मिस्त्रीने भोकात स्क्रू धरायची प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली. स्क्रू पिळला की गिट्टीही त्याच्यासोबत गरागरा. मग त्याने केलं ते, जे आयुष्यभर केलं होतं. भोक सैल झालं की आगपेटीच्या चार काड्या मोडून घालायच्या. विटेत त्या अशा आवळून बसतात की स्क्रू म्हातारा होतो पण निघत नाही. चारही भोकांत काड्या गेल्या. मांडणी लागली. त्याने हाताने ओढून पाहिली, हलली नाही. "चार फोटो ठेव फक्त, जास्त लादू नकोस," एवढं मात्र लेकीला सांगून आला. का ते सांगितलं नाही. रात्रभर मात्र त्या काड्या त्याला भिंतीत नाही, डोळ्यात टोचत होत्या.

आणि आता पुस्तकं. आणि खाली आठ महिन्यांची पोर.

"पलंग हलव तिथून," तो फोनवर म्हणाला.

"का हो?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे विहीणबाई तिथेच होत्या.

"तिथे... ओल येते."

"तिसऱ्या मजल्यावर? आतल्या भिंतीला?"

"ऊन येतं मग."

"बाबा, ओल येते की ऊन येतं? एक काहीतरी ठरवा." लेक हसली. "बरं, ठेवते. छकुलीला झोपवायचंय, मग मी आंघोळीला जाते."

फोन बंद. मिस्त्रीने टॉवेलने तोंड पुसलं, तेही एकच बाजू, पायात चप्पल अडकवली आणि कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान गाठलं. दुकानवाली त्याला वीस वर्षं ओळखत होती. जिभेला हाड नाही, पण माल चोख.

"एका माणसाने," मिस्त्री म्हणाला, "जिप्समच्या भिंतीत गिट्टी मारली, सैल झाली म्हणून काड्या घातल्या. चालतंय ना तसं?"

"कोण तो दीडशहाणा? अहो, काड्यांना आवळायला मागे वीट लागते. इथे मागे आहे काय? वारा! आज उभं दिसेल. हळूहळू बोर्डाचं पीठ होतं, स्क्रू पुढे सरकतो, आणि मग एकदम खाली. जड आहे का वस्तू?"

"पुस्तकं आहेत."

तिने कपाटातून एक डबी काढली. लांब बोल्ट, त्याच्या टोकाला पत्र्याचे दोन पंख. पंख मिटून भोकातून आत सारायचे, पलीकडे गेले की स्प्रिंगने उघडतात आणि बोर्डाला मागून धरतात. "पण आधी लोहचुंबक फिरवा भिंतीवर. चिकटला की तिथे आत पत्र्याची पट्टी. जमेल तेवढं वजन पट्टीवर टाका, पट्टी नसेल तिथेच हे पंख. आणि खाली काय ठेवलंय त्या माणसाने?"

मिस्त्रीने डबी उचलली. तिने त्याच्या गालावरचा वाळलेला साबण पाहिला. मग चेहरा पाहिला.

"मिस्त्री," ती हळू म्हणाली, "बोल्ट नंतर घ्या. आधी फोन करा."

त्याने केला. नुसता वाजत राहिला. पुन्हा केला. पोर झोपली की लेक फोनचा आवाज बंद करते, हे त्याला आत्ता आठवलं. जावई कामावर, तिथे मशीनपाशी फोन चालत नाही. डबी आणि एक लोहचुंबक पिशवीत टाकून त्याने बस पकडली.

बस कधी नव्हे ती सगळ्या थांब्यांवर थांबायला लागली. एक बाई सुट्टे शोधतेय, एका आजोबांना चढता येईना. मिस्त्री मनात पुस्तकं मोजत होता. जावयाचे ते जाडजूड ग्रंथ, विटेएवढे एकेक. विटेचं वजन त्याला कोणी शिकवायला नको होतं.

फोनमध्ये अजून एक नंबर होता. विहीणबाईंचा. दोन थांबे तो नुसता त्याच्याकडे बघत बसला. तिसऱ्या थांब्याला ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, वरच्या फळीवरची कुणाचीतरी बॅग धप्पकन खाली आली, आणि मिस्त्रीचं बोट आपोआप दाबलं गेलं.

"बोला, व्याही."

"पोर कुठे आहे?"

"झोपलीय. आत्ताच डोळा लागला."

"उचला तिला."

"अहो, एवढं थोपटून..."

"विहीणबाई, माझं चुकलं!" मिस्त्री ओरडला. सगळी बस वळून बघायला लागली. "मांडणी पडणार आहे. मी भिंतीत काड्या घातल्यात. मला कळलं होतं, तरी बोललो नाही. पोरीला उचला आधी, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या!"

पलीकडे फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज. पळणारी पावलं. मग काहीच नाही. मिस्त्रीने फोन कानात घुसेल इतका दाबला. पंख्याची घरघर तेवढी येत होती. शेजारच्या बाईने त्याचा दंड धरला, त्याला ते कळलंही नाही.

आणि मग पोर रडली. अर्धवट झोपेतून उठवल्याचं ते रागीट, नाकातलं रडणं. मिस्त्रीने इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

"घेतलं हो, घेतलं," विहीणबाईंना धाप लागली होती. "पण व्याही, वरच्या बाजूला मांडणी आणि भिंतीच्या मध्ये माझं बोट जातंय."

"बोट काढा!"

"काढलं."

"बाहेर या. दार लावा. मी पोचतोय."

पोचला तेव्हा लेक ओल्या केसांनी दारात उभी होती, पोर कडेवर. ती नुसती बाजूला सरकली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मिस्त्रीने खांदा मांडणीखाली दिला, आणि लेकीने पोर सासूकडे देऊन एकेक पुस्तक उतरवलं. शेवटचं उतरल्यावर त्याने लाकूड जरा पुढे ओढलं, तर वरचे दोन्ही स्क्रू गिट्टीसकट हातात आले. पलंगावरच्या छोट्या उशीवर मूठभर पांढरं पीठ सांडलं आणि त्यात मोडक्या काड्या.

"हे घातलं होतंत?" लेक म्हणाली. "आणि सकाळी मला ओल सांगत होतात?"

"हो."

"पुन्हा असं केलंत ना, बाबा..." तिने वाक्य अर्धंच सोडून उशीवरचं पीठ झटकलं. मिस्त्री काड्या वेचायला लागला.

मग काम सुरू झालं. लोहचुंबक फिरवला, एका बाजूला पट्टी सापडली, तिथे दोन स्क्रू घट्ट बसले. दुसऱ्या बाजूला पंखवाले बोल्ट. त्याने पहिल्याचे पंख मिटून आत सारले, आणि मांडणी अडकवायला बोल्ट पुन्हा बाहेर काढला. भिंतीच्या आत खाली कुठेतरी 'टप्' झालं. पंख गेले.

"आधी बोल्ट लाकडातून घाला, मग पंख चढवा, मग भिंतीत," मागून विहीणबाई म्हणाल्या. नाकावर चष्मा, एका हातात पोर, दुसऱ्या हातात डबीतला कागद. "इथे चित्रच काढलंय. वाचू का पुढचं?"

"वाचा," मिस्त्री मुकाट म्हणाला.

काम झाल्यावर त्याने मांडणीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, पाय उचलून. जागची हलली नाही. मग जावयाचा सगळ्यात जाड ग्रंथ ठेवला. मग सगळे.

"आता धरेल ना?" लेकीने विचारलं. "पलंग परत खाली सरकवू?"

"धरेल. तीन माणसं धरेल." मिस्त्रीने पलंगाला हात घातला आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ओढत नेला. "पण पोर इथेच झोपेल. भिंतीला काही होणार नाही, मलाच होईल."

लेक आता कुठे जराशी हसली. "जा, अर्धी दाढी उरलीय. ह्यांचा रेझर आहे आत."

न्हाणीघरात आरसा अजून टांगलेला नव्हता, जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवला होता. मिस्त्री उकिडवा बसून त्यात बघायला लागला. मग उठला, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. डावीकडे केलं, उजवीकडे केलं, कान लावून ऐकलं.

"विहीणबाई," त्याने हाक मारली, "तो कागद टाकू नका. आणि चष्मा घेऊन या."