चाळीस भोके आणि माझे जाडे डोके

मित्रांनो, माणसाला एकच डोके असते आणि तेही तो रोज वापरतोच असे नाही. मला दोन आहेत. मी भद्रावतीच्या एका लहानशा कारखान्यातला जुना गेज आहे. बोटभर लांब, पोलादी, भोके मोजणारा. माझे एक डोके ठरल्या मापापेक्षा केसभर बारीक. ते भोकात जायलाच हवे. दुसरे केसभर जाडे, त्याला लाल पट्टा. ते भोकात जाताच कामा नये. गेले, तर भोक मोठे झाले, माल बाद. थोडक्यात, माझ्या अर्ध्या अंगाची नोकरी नुसती अडून बसण्याची होती. अशी नोकरी करणारे कचेऱ्यांत पुष्कळ भेटतात. पण माझ्या अडण्याचा लोकांना उपयोग होता.

आमच्याकडे धानावर औषध फवारणाऱ्या छोट्या विमानांचे कान घडत. कान म्हणजे पंख धडाला जोडणारा पोलादी तुकडा. त्याच्या भोकात बोल्ट बसतो. भोक सैल असेल तर बोल्ट हलतो, बोल्ट हलला की पंख हलतो, आणि पंख हलवणे हे पाखराचे काम आहे, विमानाचे नव्हे.

म्हणून विमान खात्याने कारखान्याला मान्यता देताना अट घातली होती. प्रत्येक कान आमचा तपासनीस देवराव याने मला भोकात घालून तपासायचा आणि मगच त्यावर आपला सात नंबरचा ठप्पा मारायचा. देवराव तो ठप्पा जेवतानाही खिशातून काढत नसे.

१९८४चा दसरा आला. देवराव दरवर्षीप्रमाणे घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. इकडे कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. माल बांधणाऱ्या गुणाबाईंनी, घट्ट बसावे म्हणून, गुळाच्या पाण्यात कुंकू कालवले होते. हातोड्याला लावले, कानशीला लावले. भोके पाडणाऱ्या लियाकतभाईंनी आपल्या मशीनलाही हौसेने लावून घेतले. माझ्या जाड्या डोक्यावर बाईंनी दोन बोटे जरा जास्तच ओढली. लाल पट्ट्यावर लाल कुंकू. ते वाळून कडक झाले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, त्यामुळे मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव बसमधून उतरून थेट कामावर आला. चाळीस कान दुपारच्या बसने नागपूरला जायचे होते. तिथे एक विमान पंख उतरवून उभे होते. संध्याकाळी पंख जोडायचे आणि सकाळी ते सावली गावच्या धानावर फिरवायचे, असे ठरले होते. काम सुरू करण्याआधी मला रॉकेलने पुसायचा नियम होता. त्या दिवशी घाईत तो राहिला. माझे बारीक डोके चाळीसदा आत गेले, जाडे चाळीसदा अडले. चाळीस ठप्पे बसले. पेटी बसच्या टपावर चढली.

त्याच दिवशी विमान खात्याचे निरीक्षक वामनराव मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे बघायला आले होते. ते आत शेठजींच्या खोलीत कागद वाचत होते. बाहेर लियाकतभाई हात पुसत देवरावजवळ आले.

"चाळीसात एकबी बाद नाई? देवरावभाऊ, मी एवढा चांगला कारागीर नाई. भोक पाडाचं हत्यार परवापासून डगमगून राह्यलं माहं. मले वाटलं, तू पाच-सहा त फेकशीनच."

देवरावचा चेहरा उतरला. त्याने मला रॉकेलच्या फडक्याने घासले. फडके लाल झाले. वाळलेल्या कुंकवाने माझे डोके आणखी जाडे झाले होते, म्हणून ते मोठ्या भोकांतही अडले होते. नमुना म्हणून ठेवलेला एक्केचाळिसावा कान त्याने खणातून काढला आणि माझे जाडे डोके त्यात घातले. जावई पंगतीत बसावा, तसा मी आरामात आत जाऊन बसलो.

कारखान्याचे मालक श्रीहरीशेठ दारात उभे राहून हे बघत होते. ते हळूच म्हणाले, "साहेबाची सही होऊ दे. उद्या सकाळी मीच नागपूरले फोन लावतो."

"उद्या सकाळी विमान सावलीवर राहीन, शेठ."

"ठप्पा तुहा आहे, देवराव. नोकरी बी तुहीच जाईन."

देवरावने मला मुठीत धरले आणि साहेब बसले होते त्या खोलीकडे तो निघाला. मधेच तो थांबला. तिथे त्याच्या मनात काय आले ते मला ठाऊक नाही. माणसाचे मन मोजायचा गेज अजून निघालेला नाही. मग तो आत गेला आणि मला व ठप्प्याला त्याने टेबलावर ठेवले.

"साहेब, आज मारलेले चाळीसही ठप्पे खोटे आहेत. गेज न पुसता तपासलं मी."

वामनरावांनी पेनाला टोपण लावले. पेटी कोणत्या बसने गेली, एवढेच विचारले. नागपूरचा ट्रंक कॉल लागायला पावणेतीन तास लागले. तेवढ्या वेळात श्रीहरीशेठनी तीनदा चहा मागवला आणि एकदाही प्यायला नाही. अखेर पलीकडचा माणूस रिसीव्हर ठेवून बघायला गेला. परत येऊन म्हणाला, एक कान बसवून झाला होता, दुसरा हातात होता. थांबवले.

पेटी परत आली. चाळिसांत नऊ बाद निघाले. वामनरावांनी मान्यता रोखली आणि ठप्पा आपल्या खिशात घालून नेला. तीन महिने कारखान्यात फाटकाच्या बिजागऱ्या झाल्या. देवराव सळया कापत असे. लियाकतभाई सोडले तर त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हते. गुणाबाई मात्र एक दिवस त्याच्यापुढे येऊन रडल्या.

"बाई, तुमचं काम लावाचं, माहं पुसाचं," तो म्हणाला. "चुकलो मी."

जानेवारीत वामनराव पुन्हा आले. श्रीहरीशेठनी नम्रपणे सुचवले की आता तपासायला दुसरा माणूस ठेवू, म्हणजे अशी चूक व्हायची नाही. वामनरावांनी खिशातून सात नंबरचा ठप्पा काढला.

"दुसरा चुकल्यावर काय करील, ते मला माहीत नाही. हा काय करतो, ते मी पाहिलंय," असे म्हणून त्यांनी ठप्पा देवरावच्या हातावर ठेवला.

चार वर्षांनी माझे जाडे डोके झिजले. देवरावनेच मला मोजले आणि बाद केले. इतकी वर्षे सोबत काढली, पण केसभरही सूट दिली नाही. मित्रांनो, तुमच्या हाती कधी तपासायचे काम आले, तर आधी आपले हत्यार स्वच्छ ठेवा, आणि ओळखीच्या वस्तूला, ओळखीच्या माणसाला, स्वतःलाही सूट देऊ नका. मला बाद केल्याचा राग नाही. तो तपास अगदी बरोबर होता.