अर्शदभाईचं जुनं कार्ड

माझ्या भावाला, अर्शदभाईला, कॉम्प्युटरमध्ये एक ग्राफिक्स कार्ड पुरेना. अब्बांनी कुवेतहून नवं पाठवलं, तर त्यावर त्याचे जुने गेम धड चालेनात. गाडी अर्धीच दिसायची, रस्ता गायब. मग या शहाण्याने जुनं कार्डही आतच ठेवलं. नव्यावर खोलीतला मॉनिटर, जुन्यावर भिंतीला भोक पाडून हॉलमधला टीव्ही. जॉयस्टिकची वायरही त्याच भोकातून. असली करामत अख्ख्या महाडात कुणाकडे नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

या जोडणीचा त्याला आणखी एक फायदा होता. मॉनिटरवरची विंडो माउसने धरून उजवीकडे ढकलली की ती कडेतून निसटून टीव्हीवर जायची, आणि टीव्ही बंद असला की कुणाला पत्ताच नाही. अम्मी खोलीत शिरली रे शिरली की चॅटिंगची विंडो भुर्रकन उजवीकडे. मला सगळं दिसायचं, पण चहाडी करायची नाही म्हणून गप्प बसायचे.

२००४ साली माझी बारावी होती. अब्बांनी फोनवर निवाडा देऊन टाकलेला: पास झाली तर डी.एड.ला घाला, नापास झाली तर जलीलचाचांच्या पुतण्याशी लग्न. जलीलचाचांचे ट्रक वरंध घाटातून भोरला जायचे, आणि त्यांच्या भावाचं कुवेतला दुकान होतं. त्या दुकानात लागायचं म्हणून अर्शदभाई वर्षभर व्हिसासाठी झुरत होता. "उझ्मा त्यांच्या घरात गेली तर माझं काम लवकर होईल," असं त्याने अम्मीला माझ्यादेखत सांगितलेलं. मला राग आला होता. भीती मात्र वाटली नव्हती.

निकालाच्या दिवशी जलीलचाचा नेमके घरी आले. अर्शदभाईने त्यांना टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळून दाखवली. मग निकालाची वेळ झाली, तसा गेम बंद करून तो नेटवर निकाल बघायला आत पळाला. टीव्ही चालूच राहिला, नुसता निळा.

मला धीर निघेना. मी खोलीत शिरले, तसा तो दचकला आणि सवयीने त्याचा माउस उजवीकडे सरकला. मॉनिटर रिकामा.

"लागला का रे भाई?"

तो उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लागला. नापास झालीस गो उझ्मा."

मी रडायला लागले. तोच मला धरून हॉलमध्ये घेऊन आला. "अम्मी, उझ्मा नापास झाली. तिला आता काय बोलू नको."

 अम्मी आणि जलीलचाचा दोघंही टीव्हीकडे बघत होते. मी डोळे पुसून वर पाहिलं. निळ्या पडद्यावर माझं नाव होतं, अम्मीचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं, पास, एकोणऐंशी टक्के.

मी हबकले. आनंद झालाच नाही. सख्खा भाऊ खांद्यावर हात ठेवून खोटं बोलला होता, आणि तो हात अजून तिथंच होता. मी तो झटकून टाकला.

"अर्शद," जलीलचाचा म्हणाले, "मागं बघ."

त्याने पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. ती वायर त्यानेच ओढलेली. आपल्याच हाताने पायावर धोंडा.

चाचांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुझा व्हिसा काल आलाय. सोयरिकीचा नि ह्याचा काय संबंध नव्हता रे. तेच सांगाया आलो होतो." त्यांनी कागद परत खिशात घातला. "पण सख्ख्या बहिणीला फसवणारा माणूस भावाच्या गल्ल्यावर कसा बसवू?"

जाताना दारात माझ्याकडे वळून ते एवढंच म्हणाले, "शीक गो पोरी."

अर्शदभाई टीव्ही बंद करायला धावला.

"हात लावू नको," अम्मी म्हणाली. "आधी ते नेट बंद कर. लाइन मोकळी होऊ दे. तुझ्या अब्बांचा फोन येईल."

"मी काय सांगू त्यांना?"

"टीव्हीवर हाय ते वाचून दाखव."

फोन वाजला तेव्हा तो रिसीव्हर धरून टीव्हीसमोर उभा राहिला. माझं नाव वाचलं, अम्मीचं वाचलं, आणि 'पास'पाशी येऊन अडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मदत केली नाही.