मांडणीवरचे कुत्रे

वादळाचा तिसरा दिवस, आणि एनॉकची होडी अजून परतली नव्हती. त्याची बायको केझिया धक्क्यावरून घरी आली, तर लीड्सहून सोबतीला आलेल्या धाकट्या बहिणीने, मर्सीने, खिडकीतली शोभेची मांडणी लख्ख पुसून ठेवलेली. वरच्या फळीवरचे चिनी मातीचे दोन कुत्रे घरात तोंड करून बसले होते.

केझियाने कुत्र्यांकडे बोट दाखवलं. "ह्यांना कुणी फिरवलं?"

"मीच, ताई. घरातल्या माणसांना पाठ दाखवून बसले होते मेले."

"आग लागो तुझ्या टापटिपीला! नवरा समुद्रावर असला की त्यांची तोंडं बाहेर, घरी आला की आत. अख्ख्या गल्लीचं लक्ष असतं ह्या खिडकीवर!"

तिने धावत जाऊन एक कुत्रा फिरवला. दुसऱ्याला हात घालणार, तोच दार धाडकन उघडलं. एनॉकच्याच होडीवर गेलेल्या सायलसची बायको थर्झा धापा टाकत उभी होती. तिच्या हातात शेगडीवर शेकलेले लोकरी मोजे होते, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच ती हसत होती.

"आले ना गं? माझा कुठाय?"