काचेच्या दोन वेण्या

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत एसी होता, पण तो माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. मुलचेऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात मे महिन्यात मशीन कुडकुडत असायचं आणि बाहेर मोहाची झाडं उभ्या उभ्या झोपायची. आत येणारे चपला बाहेर काढत, आवाज खाली घेत. एकदोघांनी मशीनला हातही जोडले होते. मी टेक्निशियन, रईस. मी त्यांना अडवलं नाही. नमस्काराने मशीन बिघडल्याचं कुठे ऐकिवात नाही.

साल २००३. जमिनीखालून आलेली फायबर भिंतीवरच्या डबीत संपायची. डबीपासून मशीनपर्यंत दोन पिवळ्या पॅच कॉर्ड. आत केसाएवढी काच, काचेतून उजेड, उजेडातून माणसांचं बोलणं. एकीतून गावाचं बोलणं बाहेर जायचं, दुसरीतून बाहेरचं आत यायचं. मी तीन मीटरच्या मागितल्या होत्या, सहाच्या आल्या. उरलेली लांबी फरशीवर सैल पडून असायची.

त्या सोमवारी साडेदहाला बाहेरची लाईन गेली. गावातल्या गावात फोन लागत होते, गावाबाहेर नाही. पहिला संशय केबल उकरणाऱ्या रानडुकरावर घ्यायची आमच्यात पद्धत आहे, म्हणून लाईनमन सोमाजीभाऊ सायकलने केबलचा रस्ता बघत निघाले.

झाडूपोछा करणाऱ्या मीराबाई टेबलावरच्या फोनसमोर बसून होत्या. त्यांच्या मुलीचं, पिंकीचं नाव नर्सिंगच्या यादीत लागतं का, ते आज नागपूरला कळणार होतं. पिंकी बारा वाजता याच फोनवर सांगणार होती.

"रईस, हा वाजून नाई राह्यला."

"लाईन बंद आहे, बाई."

"बाराले चालू होईन ना मंग?"

"लाईन घड्याळ पाहत नाई."

"तू तं पाहतं ना."

मी डबीकडे वळलो. फरशी मोकळी होती. डबीखाली दोन पिवळ्या वेण्या लटकत होत्या. तिपेडी, घट्ट, शाळेतल्या मुलींसारख्या वर दुमडून लाल रिबिनीने बांधलेल्या.

"हे कोणं केलं?"

"मीनं. पोछ्याले आडवं येत होतं." मग म्हणाल्या, "पिंकी घरी होती तं रोज सकाळी तिची वेणी राहे. आता हात रिकामेच."

"मस्त झाली," मी म्हणालो, कारण झाली होती.

"मंग तोंड काऊन असं केलं?"

सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. मी पडदे ओढले, ट्यूबलाईट बंद केली, एका कॉर्डचं टोक मशीनमधून काढून तिथे तपासणीचं लाल उजेडाचं पेन लावलं.

वेणी पेटली. प्रत्येक वळणावर पिवळ्या सालीतून लाल ठिपका झिरपत होता, आणि दुमडलेल्या जागी तर पळस फुलला होता. एसी घुमत होता. खोली जमीन सोडून हळूहळू कुठेतरी निघाल्यासारखी वाटली.

"हे सांडून राह्यलं?" मीराबाईंनी हळूच विचारलं.

"हो. वळण लहान झालं का उजेड बाहेर सांडते. तिकडं पोचतच नाई."

"आन् बोलणं?"

"तेई सांडते."

मीराबाईंनी फरशीकडे पाहिलं आणि पाय वर घेतले. खरं सांगायचं तर मीही घेतले.

बाराला अकरा मिनिटं होती. मी वेणी ओढायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "असा ओढशीन तं तुटन." त्यांनी रिबीन सोडली आणि खालून वर एकेक पेड बोटांनी मोकळा करत गेल्या. ठिपके एकेक करून विझले. शेवटचा विझल्यावर त्या थोडा वेळ अंधाराकडेच बघत राहिल्या. मग दुसरी वेणी घेतली. मी थाळीएवढी वेटोळी करून दोन्ही कॉर्ड खुंट्यांना टांगल्या, टोकं पुसून लावली. मशीनचा दिवा हिरवा झाला.

बारा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. पिंकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, कवापासून लावून राह्यली मी. नाव लागलं. पण उद्या दहाच्या आत ओरिजिनल मार्कशीट पाह्यजे, नाई तं सीट दुसऱ्याले देतेत."

"घेऊन येतो मी. तू कालेजावरून हालू नको."

मार्कशीट घरी पिंकीच्या ट्रंकेत होती. ट्रंकेची किल्ली पिंकीकडे, नागपुरात. मी कुलूप फोडू म्हणालो. मीराबाई म्हणाल्या, पोरीची ट्रंक आहे, तिले न विचारता कशी फोडाची. फोन करून विचारावं, तर पिंकी आता कुठल्या पीसीओत होती कोणाला ठाऊक.

शेवटी एकच्या नागपूरच्या बसच्या टपावर आम्ही दोघांनी अख्खी ट्रंकच चढवली. कंडक्टरने विचारलं, हिच्यात काय आहे.

"एक कागद," मीराबाई म्हणाल्या, खिडकीशी बसल्या, आणि बस जंगलाच्या रस्त्यावर उन्हात विरघळत गेली.