एकूण एक

तिने एंटर दाबला आणि कपाळ तळहातावर टेकवलं. सकाळपासून तीच ती कमांड. काळ्या पडद्यावर तिनेच टाईप केलेली ओळ होती: एमपीआयरन, मग सोळा, मग तिच्या प्रोग्रामचं नाव. अर्थ सरळ होता. या प्रोग्रामच्या सोळा प्रती एकदम सुरू कर. प्रत्येक प्रतीने आपला क्रमांक कितवा आणि आपण एकूण किती जणी हे विचारून घ्यायचं, नदीचा आपल्या वाट्याचा तुकडा उचलायचा आणि शेजारणीला पाणी किती चढलं ते विचारत विचारत पुढे जायचं. ही विचारपूस जमवून देणारी यंत्रणा म्हणजे एमपीआय. असं सगळ्यांनी मिळून केलं की पुराचं गणित जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातावेगळं होई. आज ते जागचं हलत नव्हतं. मशीनचे पंखे तेवढे कोकलत होते.

गणित झालं की आकडे धरणवाल्यांना पाठवायचे आणि दुपारची बस पकडायची, असा तिचा बेत होता. काल आई बेसिनपाशी चक्कर येऊन पडली होती, आणि हे काही पहिल्यांदाच झालं नव्हतं. दरवेळी रक्तदाब पार खाली गेलेला. डॉक्टरांनी रक्तदाब उतरवणारी रोजची गोळी हलकी करून बघितली, तपासण्या केल्या, शेवटी हात टेकले आणि सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका. म्हणजे आज जाऊन आईला तिच्या घरातून हलवायचं. आई म्हणणार, या घरातून मला चौघंच हलवतील. मग रडारड. त्या रडारडीचा तिला आत्ताच थकवा आला होता.

"काय नदीबाई, आला का पूर?" शेजारच्या टेबलावरून हवामानवाल्याने विचारलं. ऑफिसात तिला हेच नाव पडलं होतं. ती नदी बघते, तो ढग बघतो, त्याचं आभाळ फाटलं की तिला काम.

"आला तर आता माझ्या डोळ्यांतूनच येईल."

"मग सुट्टी टाका, नाहीतर आज भावाला पाठवा आईकडे."

"भावाला?" ती हसली, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दादाशी बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं. आईला कुणी ठेवून घ्यायचं यावरून शब्दाने शब्द वाढला होता. समुद्रापलीकडची धाकटी तेव्हा मध्ये पडली आणि दोघांच्याही शिव्या खाऊन बसली. "आईचं करायला मी एकटीच तर आहे. सकाळच्या गोळीची आठवणसुद्धा मी करीन तेव्हा. त्यातही निम्म्या गोळ्या सांडत असेल. औषधवाला म्हणत होता, पाकीट फार लवकर संपतं तुमचं."

हवामानवाला खुर्ची सरकवत तिच्या टेबलाशी आला.

"नदी बाजूला ठेवा. आधी त्यांना नुसतं विचारा, तुम्ही कोण."

तिने रन थांबवला, प्रोग्रामच्या तोंडाशी दोन ओळी घातल्या आणि पुन्हा सोळा प्रती सोडल्या. पडद्यावर भराभर उत्तरं आली. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे शून्य, एक, दोन, असं पंधरापर्यंत यायला हवं होतं.

माझा क्रमांक शून्य, एकूण एक.
माझा क्रमांक शून्य, एकूण एक.
माझा क्रमांक शून्य, एकूण एक.

खालपर्यंत तेच.

"अरे देवा!" हवामानवाला खो खो हसायला लागला. "अहो, एकूण एक बाईला वाटतंय, जगात मी एकटीच! सोळाच्या सोळा अख्खी नदी उपसतायत!"

"आणि सगळ्या एकाच फाइलवर लिहितायत. एकीने लिहिलं की दुसरी पुसते."

"बारभाईची खेती, काय लागेल हाती. परवा मशीनवर नवं एमपीआय टाकलंय ना? तुमचा प्रोग्राम जुन्याबरोबर बांधलेला, आणि हाक मारतंय नवं. ह्याची हाक त्यांना कळतच नाहीये."

तिने त्या ओळींवरून एकदा नजर फिरवली. कामचुकार एकही नव्हती. बिचाऱ्या सकाळपासून राबत होत्या. तिने कमांडमध्ये जुन्या एमपीआयरनचा पूर्ण पत्ता घातला आणि एंटर दाबला. शून्यापासून पंधरापर्यंत क्रमांक उलटसुलट आले, प्रत्येकीपुढे एकूण सोळा. नदी हलली.

"चहा लागू झाला तुमच्याकडे," म्हणत हवामानवाला आपल्या ढगांकडे गेला. येते म्हणून कळवायला तिने आईला फोन लावला.

"घेतली गं बाई, आत्ताच घेतली गोळी," आई उचलताक्षणीच म्हणाली.

"आत्ता? सकाळी मी फोन केला तेव्हा घेतलीस ना?"

"ती तुझ्या फोनची. ही दादाच्या फोनची."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"दादा फोन करतो?"

"रोज. ऑफिसात पोचला की पहिला मलाच. आणि पहाटे धाकटीचा येतो, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ ना."

"आई, तू प्रत्येक फोनला गोळी घेतेस?"

"तूच नाही का शिकवलंस? घड्याळ बघू नकोस, फोनवर गोळी घे म्हटलं की घ्यायची."

"माझा फोन गं, आई. माझा!"

"तसं कुठे म्हणालीस? आणि तुझं ऐकायचं नि त्याचं नाही, असं कसं करू मी?" आई जरा थांबली. "तुमचं एकमेकांशी धड नाही. म्हणून एकापाशी दुसऱ्याचं नाव काढत नाही मी. उगाच कशाला दुखवायचं?"

"हे बघ, आता कुणाचाही फोन येऊ दे, गोळी घ्यायची नाही. शेजारच्या काकूंना बोलाव आणि आडवी हो. डॉक्टरांना मी कळवते. मी निघतेच आहे."

डॉक्टरांना सांगून झालं. ते आधी चिडले आणि मग स्वतःच जाऊन बघून येतो म्हणाले. मग तिने दादाचा नंबर शोधला. तो शोधावा लागला याचीच तिला लाज वाटली. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"काय झालं? आईला काही...?"

"कळलंय काय झालंय ते. डॉक्टर निघालेत तिच्याकडे, घाबरू नकोस. दादा, तू रोज फोन करतोस तिला?"

"करतो म्हणजे?" त्याचा आवाज तिच्याइतकाच दमलेला होता. "मी नाही करणार तर कोण करणार? आईचं बघायला मी एकटाच तर आहे."

तिने मान वर केली. पडद्यावर सोळा जणी एकमेकींना पाणी किती चढलं ते विचारत पुढे चालल्या होत्या.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे. दादा, ठेवू नकोस फोन. धाकटीलाही जोडते."

"झोपली असेल ती आता."

"उठू दे," ती म्हणाली आणि धाकटीचा नंबर लावला.